तिसरं रीळ

लिहितात कॅल्डमोर, म्हणतात ‘कर्मा’.
वॉल्सॉलच्या चढावरची वस्ती.
पत्ता सांगताना आपल्या माणसाला
अजूनही हसू येतं.
कर्माच्या कोपऱ्यावर, खाटकाच्या शेजारी
व्हायोला पिक्चर हाउस.
नावाची पितळी अक्षरं कुणी केव्हाच उपटून नेली,
खिळ्यांच्या भोकांतून विटांवर गंज ओघळलाय.
ओघळ जोडत गेलं तर नाव लागतं.

मी मोजायला आलेय.
चौदा फ्लॅट व्हायचेत, तळाशी सायकली.
लेझरचा लाल ठिपका सोडते समोरच्या भिंतीवर:
सव्वीस मीटर चाळीस.
ठिपका थरथरतो. हात माझाच.

पोपडा उचलला की खाली दुसरा रंग.
गालिचेवाल्याचा पांढरा,
बिंगोच्या दिवसांतला गुलाबी,
आणि त्याच्याखाली धूर,
चाळीस वर्षं ओढलेल्या सिगारेटींचा,
चहाच्या चोथ्यासारखा.
फक्त पडद्यामागचा चौकोन उजळ,
तसबीर काढल्यावर भिंत दिसते तसा.

हे खोगिरांचं गाव. बाबा म्हणायचे,
आम्ही इथली खोगीरभरती.
तिकिटाच्या खिडकीत हिल्डा बिकली बसायची.
नखांतलं मेण बघून ओळखायची म्हणे
कुठला पोरगा कुठल्या कारखान्यातला.
एकदा छत गळलं तेव्हा पुढच्यांनी छत्र्या उघडल्या
आणि मागच्यांनी शिव्या,
पण उठलं कुणीच नाही.

मग घरोघर टीव्ही आले, रविवार ओस पडले.
ओस पडलेले रविवार भाड्यानं मिळतात,
हा शोध दत्ताराम खानविलकरांचा.
ओतकामाची रात्रपाळी, मनगटावर ठिणग्यांचे तीळ.
पंजाबी मंडळींनी हॉल भरायचा.
आम्ही मराठी एकोणीस, पोरंटोरं धरून.
तरी वर्गणी काढली,
आणि पौंडाची चिल्लर बदलली त्या वर्षी
लंडनहून रेल्वेनं मागवला
आपल्या भाषेतला एक चित्रपट.

पत्र्याचे सहा डबे आले. हवे होते सात.

मी पाच वर्षांची. इतकी हलकी
की खुर्ची मला घेऊन मिटायची.
दुसरं रीळ संपलं तेव्हा
आई दारात उभी होती, पोस्टमन गल्लीत शिरत होता,
आणि पडदा नुसता पांढरा.

वर खोलीत विल्फ टाँक्स.
त्याला आपलं अक्षर कळत नव्हतं,
पण दिवा त्यानं विझवला नाही.
त्या उजेडात खानविलकरांच्या मथूबाई उठल्या,
लुगड्यावर नवऱ्याचा कोट,
आणि उरलेली गोष्ट सांगू लागल्या.
पत्र आलं. मुलाचं. आत तिकीट होतं बोटीचं.
मग आईनं लोणच्याची बरणी कापडानं बांधली,
शेजारणीला मांजर सोपवलं,
बंदरावर चप्पल तुटली तेव्हा
एका हमालानं आपली दिली.
वीस मिनिटं.
पडद्यावर त्यांची सावली दीड पुरुष उंच,
हात हलला की भिंतभर वारा सुटल्यासारखा.

चौथं रीळ लागलं.
पहिल्याच दृश्यात
आईच्या फोटोला हार.

कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग मागून बाबांचा आवाज,
“असेल बुवा, दुसऱ्या कुणाची आई.”
आणि सगळे पुढचं बघू लागले.

जिन्यावर बसून आईला फोन लावते.
ती चौऱ्याऐंशीची. ऐकायला कमी येतं,
विसरायला त्याहून कमी.
“मथूनं पाहिलाच नव्हता गं तो सिनेमा,” ती म्हणते.
“तिची आई गेल्याची तार
त्याच आठवड्यात आली होती.”

आणि तो सातवा डबा?

“आला की. सोमवारी.
स्टेशनात पडला होता.
दत्तारामभाऊ सायकलवरून घेऊन आले,
आमच्या ओट्यावर ठेवला.
आम्ही सगळ्या बघत बसलो डब्याकडे.
मग चहा झाला,
आणि तसाच पाठवला परत.
सुतळीसुद्धा सोडली नाही.”