शेवटून दुसरं अक्षर

शेकीच्या रेशीम कारखान्यात आता रेशीम नाही.
भोंगा नाही, वाफ नाही,
दुपारी चारनंतर वीजही नाही.
उरलंय ते दप्तर:
तीन कपाटं, रॉकेलचा एक स्टोव्ह,
जरनिगार खानुम,
आणि तिच्या हाताखाली मी.

पहिल्याच दिवशी तिनं किल्ल्यांचा जुडगा पुढे सरकवला,
म्हणाली, "तुरखान, आधी 'ज' शिक."
मला हसू आलं. चांगला पदवीधर माणूस मी.

'ज' जिभेवर एकच असतो, कागदावर नाही.
आधी तो उजवीकडून यायचा, पोटात टिंब घेऊन.
मग लिपी बदलली:
टिंब गेलं, खाली शेपूट आलं, रांगेत नंबर चौथा.
दहा वर्षांत फर्मान आलं, पुन्हा बदलली:
रशियन वळणाचा 'ज', शेवटून दुसरा,
'च'च्या पाठीमागे, थंडीत उभा असल्यासारखा.
आणि आत्ता, देश नवा झाला तेव्हा,
शेपूट झडलं, नंबर तिसरा.
दर खेपेला जुन्या कपाटाला कुलूप, नव्याला रंग.
या शेवटच्या 'ज'च्या वाट्याला मात्र एकच खण आला,
तोही अर्धा रिकामा.
लिपी आली आणि कारखाना बंद पडला.

जानेवारीत जेवाहिर जेफेरोवा आली.
नावात ज, आडनावात ज.
पेन्शनच्या कचेरीला पंचवीस वर्षांचा पुरावा हवा होता,
रशियन कपाटात सतरा सापडली.
"उरलेली आठ?"
"केलीत ना," ती म्हणाली,
जणू मी तिच्या स्वयंपाकाबद्दल विचारत होतो.

मी वैतागून म्हणालो,
सगळे 'ज' काढू, एका फायलीत घालू,
नव्या क्रमानं, एकदाच काय ते.
जरनिगार खानुमनं दातात साखरेचा खडा धरला,
त्यावरून चहा ओढला, पेला खाली ठेवला.
"ज्यानं लावलं त्यानं ज्या क्रमानं लावलं
तो क्रमही कागदच आहे.
तो फाडायचा नाही."

म्हणून मी मधल्या कपाटात हात घातला.
वाळवी नव्हती, उंदरांच्या लेंड्या होत्या,
गंजलेल्या टाचण्या,
आणि कोशांचा तो वास, शिजलेल्या किड्यांचा,
साठ वर्षं कागदात मुरलेला.
शेपटीवाल्या 'ज'मध्ये जेफेरोवा नव्हती.
तिच्या जागी एक चिठ्ठी होती, जांभळ्या शाईत:
*लग्नानंतर नाव बदललं. माहेरच्या नावाखाली पाहा, म.*
खाली सही नाही. नुसता वळणदार तिरकस फराटा,
कुण्या कारकुनाचा,
जो कधीतरी इथेच बसला असेल,
हात स्टोव्हवर शेकत,
माझ्यासारख्या कुणाची वाट न बघता.

म. मेमेदोवा.
त्यातल्या बहात्तर मेमेदोवा.
चाळिसावी ती निघाली:
वय तेरा, उकळत्या परातीवर, आठ वर्षं.
शेरा: हात चलाख.

पावतीवर अंगठा घ्यायचा होता. उमटला नाही.
दुसऱ्यांदा शाई लावली, तरी नाही.
गरम पाण्यातून धागा शोधता शोधता
बोटांच्या रेषा तिथेच राहिल्या होत्या,
त्यांची नोंद कुठल्याच कपाटात नाही.

"सही येते?" मी विचारलं.
तिनं पेन घेतलं,
कागद जरा वाकडा केला
आणि उजवीकडून सुरुवात केली.
सातव्या वर्षी शाळेत शिकलेलं,
नंतर कधीच न लागलेलं ते एक अक्षर.
पोटात टिंब देताना तिची जीभ किंचित बाहेर आली.

जरनिगार खानुमनं शिक्का मारला.
तेवढ्यात वीज गेली.

ती पावती कुठे लावायची,
हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.
ती चहाच्या डब्याखाली आहे,
आणि चिठ्ठी लिहायला घेतली आहे मी:
*जेफेरोवा, जेवाहिर. पाहा*