कसर

ओडेसाच्या स्टुडिओत, सहा नंबरच्या मंडपात
आकाश माझ्याकडे सोपवलं होतं.
म्हणजे एका बंद पडलेल्या नाट्यगृहाचा
काळा रेशमी मखमलीचा पडदा, चौदा मीटर बाय नऊ,
आणि तीन जाडीच्या सुया.

वेधशाळेतून इपोलित साव्विच आले,
खांद्यावर कोंडा, काखेत नकाशा.
म्हणाले, येफ्रोसिन्या कार्पोव्हना,
तारे मनाला येतील तसे टोचायचे नाहीत.
ठळक असेल त्याला दाभण,
मधल्याला शिवणाची सुई,
आणि अंधूक असतील त्यांना मोती ओवायची,
जिचं नेढं मला चष्म्यातूनही दिसत नाही.

सदतीस रात्री मी आकाशावर पालथी पडून होते.
गुडघ्यांना घट्टे पडले.
घरी ओनिसिम विचारायचा, कुठवर आलीस?
मी सांगायची, आज देवयानी संपली.
बरं, म्हणायचा तो बटाटे सोलत,
मीठ कुठे ठेवलंयस?

मग जुलैत चित्रीकरण.
पडद्यामागे चाळीस दिवे,
पाणबुड्यांच्या पोशाखाला मीच चांदीचा रंग दिलेला,
त्याच्या आत उकडून निघणारा कप्तान
दर शॉटनंतर बादलीभर क्वास मागायचा.
रॉकेट मासेमारीच्या दोरीला टांगलेलं.
बंदरात भोंगा वाजला की
सगळं विश्व थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून.

चित्रपट लागला. गेला.
वर्षाने एक पत्र आलं.
लेना नदीकाठचं उस्त-कुत, रोद्या त्युमेंत्सेव, वय अकरा,
शाळेच्या खगोल मंडळाचा सचिव.
"मी तुमचा चित्रपट सात वेळा पाहिला.
हंसाच्या डाव्या पंखाखाली एक तारा जास्त आहे.
तो आमच्या कुठल्याच नकाशात नाही.
तुमच्या अंतराळवीरांना तो कोणी दाखवला?"

पत्र या खात्यातून त्या खात्यात फिरलं,
शिक्क्यांनी जड झालं,
आणि शेवटी माझ्या शिलाई मशीनवर येऊन पडलं.

गोदामात शिडी लावून मी वर चढले.
होता.
पण कडा माझी नव्हती. सुई धागा बाजूला सारते,
मागे गोल, स्वच्छ भोक राहतं.
हे कुरतडलेलं, कडेला भुसा.
कामात कधी कसर ठेवली नाही, असं मी
बैठकीत सगळ्यांसमोर म्हटलं होतं.
आकाशालाच कसर लागली होती.

दिग्दर्शक म्हणाले, लिहा, चित्रपट पुढच्या शतकातला आहे,
तारा मधल्या काळात जन्मला.
इपोलित साव्विच म्हणाले, माफी मागा.
मी दुपारच्या सुट्टीत लिहिलं:
प्रिय रोद्या, तो तारा एका अळीने केला.
आमच्या कामगारांच्या यादीत ती नव्हती.
तिला तिथे भूक लागली असणार.

नदीवरचा बर्फ फुटल्यावर उत्तर आलं, एकच ओळ:
"म्हणजे ती तिथे जाऊन आली?"

चार वेळा कागद घेतला.
एकदा तारीखसुद्धा घातली.

पडदा रद्दीत काढला तेव्हा हिशेबनीस बाईंनी विचारलं,
भोकं किती? नुकसान म्हणून लिहायचंय.
दोन हजार एकशे चार, मी म्हटलं, अधिक एक.
ते अधिकचं कोणाच्या खाती?
माझ्या, म्हटलं. पगारातून तीन कोपेक कापले गेले.

हंसाचा तुकडा मी कापून घरी आणला.
पूर्वेच्या खिडकीला लावलाय.
सकाळी टेबलावर, ब्रेडवर,
ओनिसिमच्या टकलावर तारे पडतात.
तो मान वर करून मोजतो, कुरकुरतो:
अगं, ही वाढतायत. डांबरगोळ्या आण.

आणल्यात.
कपाटात वरच्या फळीवर आहेत,
पुडी अजून फोडलेली नाही.