शंभरापर्यंत

बी वाटायला कंपनीचा माणूस यायचा,
पण गाडीतून खाली उतरत नसे.
पोतं टेकवायचा, नावं वाचायचा:
नान्तिंबो. न्यांगुले. मुआनेशा.
आमची नावं त्याच्या दाताखाली
खड्यासारखी लागायची.

एका बाईला एक शेत. शेतात कापूसच.
मध्ये कसावा लावला तर उपटायचा,
आणि तो उपटायचाही आपणच.

पहिल्या वर्षी आईनं पेरलं सांगितलं तसं.
वजनाच्या दिवशी तराजूच्या दांडीवर
कारकुनाचा अंगठा होता. सगळ्यांनी पाहिला.
मिळालेल्या पैशांत मीठ आलं, बाकी काही बसलं नाही.
दुकानात लाल कापड टांगलेलं, त्यावर पिवळे मासे.
"हे आपलंच," आई म्हणाली. "समुद्र बघून आलंय,
म्हणून ओळख देत नाही."

दुसऱ्या वर्षी बी आलं, त्याच रात्री
तिनं चुलीवर मडकं चढवलं.
मला वाटलं, खायला काहीतरी.
झाकण उघडलं तर सरकी, वर-खाली होणारी.
पाणी आम्ही दरीतून आणायचो, अर्धा दिवस चढून.
ते पाणी तिनं यासाठी वापरलं.
"मोज," म्हणाली, "शंभरापर्यंत. मग उतरव."
मी मोजायला शिकले ती अशी.

सकाळी तेच बी पेरलं, सरळ ओळीत,
शिपायाच्या देखत. लिपांगा त्याचं नाव,
लांबचा भाचा लागायचा. टोपी मात्र त्यांची.

उगवलं नाही.
साहेबानं माती चिमटीत घेऊन हुंगली.
"जमीन वाईट," आई म्हणाली, खाली बघत.
त्यानं वहीत लिहिलं: जमीन वाईट.
त्या एका ओळीवर आम्ही दोन वर्षं जेवलो.

मग कुणीतरी सांगितलं.
कुणी, ते आम्ही अजून एकमेकींना विचारत नाही.
लाकडी पळी, तिला पाच भोकं;
हातावर बसली की कातडी भोकांतून वर येते.
चाळीसला लिपांगाचा आकडा चुकला.
पुन्हा एकपासून, साहेब म्हणाला.
मी मनात मोजत होते. माझा चुकला नव्हता.

महिनाभर आईला मी भरवत होते.
शेजारणी यायच्या, तिचे तळवे बघायच्या
आणि काही न बोलता
आपापलं मडकं शोधायला जायच्या.
त्या हंगामात
आख्ख्या पठाराची जमीन वाईट निघाली.

पुढचं लोक भाषणांत सांगतात.
खाली रोवुमा नदी, पलीकडे टांगानिका.
पोरं रात्री गेली, रात्रीच परतली,
खांद्यावर होतं ते कुदळ नव्हतं.
पहिली गोळी कुणाची, यावर वाद आहेत.
मी डोक्यावरून पेट्या वाहिल्या,
आत काय ते विचारलं नाही, पावलं मोजली.
लिपांगाही आला एकदा, अंधारात, टोपी नसलेला.
आईनं त्याला तिचे हात दाखवले नाहीत.
पण पाणी देताना ते लपवणार कुठे?

झेंडा चढला तेव्हा ती नव्हती.

नव्या सरकारचा माणूस आला.
गाडीतून उतरला. नावं नीट म्हणाला.
मग पोतं टेकवलं. कापसाचं बी.
"देशाला लागतंय, कॉम्रेड."

ओंजळभर घरी आणलं.
चूल पेटलेली होती, मडकं रिकामं.
मी तशीच उभी राहिले, मुठीत कोरडं बी,
आणि मोजलं शंभरापर्यंत, एकही न चुकता.
मग शेताकडे निघाले.