नाव काढणे

आई म्हणायची, पोरी, नाव काढ.
आता कार्लाइलच्या एका कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री दहा ते सहा
मी नाव काढते.

एकाच माणसाचं.
वाचक जे जे लिहून पाठवतात त्यातून,
ते जगाला दिसायच्या आत,
माशातून काटे काढावेत तसं.

हुकूम एका पानाचा.
आमचे वकील पेनिंग्टन यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला
आणि नावाशी आल्यावर खोकले.
असा हुकूम आहे हेही कुणाला सांगू नये
असा हुकूम आहे.
घरी विचारलं काय काम असतं,
तर म्हणते, वाचते.

लोक फार हुशार होतात रात्री दोननंतर.
कुणी नाव उलटं लिहितं,
कुणी अक्षरांमध्ये टिंबं पेरतं,
कुणी नुसता जर्सीचा आकडा, आणि पुढे मिटलेला एक डोळा.
व्हाइटहेवनच्या एका निवृत्त मास्तरांनी
गुलाबांवर कविता पाठवली.
चांगली होती. गोगलगायींचं कडवं तर फारच.
मी ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचत गेले
आणि सगळी बाग उपटली.

या देशात ते नाव
सर्वांत जास्त वेळा मीच वाचलं असेल.
त्याच्या आईने हाक मारली असेल त्याहूनही जास्त.
दुपारी झोपेत पुटपुटते म्हणे.
ड्युगल्डने विचारलं, कोण गं हा?
म्हटलं, कामातला.
दोन दिवस बोलला नाही.

आणि ती?
तिच्या नावाला बंदी नाही, पेनिंग्टन म्हणाले,
तिचं ठेवा.
म्हणून मी तिचं नाव ठेवते
आणि लोक तिला नावं ठेवतात.
वाक्यं अशी बाहेर पडतात:
आधी तिचं नाव, मग शिव्या,
मग एक मोकळी जागा, स्वच्छ पुसलेली,
जिच्यावर कुणीच ओरडू शकत नाही.

उत्तरेला दहा मैलांवर सार्क नदी.
उन्हाळ्यात जेमतेम घोट्याइतकी.
लंडनच्या न्यायाधीशाचा शब्द तिच्या काठापर्यंत येतो
आणि बूट भिजतील म्हणून थांबतो.
पलीकडे ग्रेटनाला माझी मावशी असते.
तिकडच्या रविवारच्या पेपरात पहिल्या पानावर त्याचा फोटो,
डोळ्यांवर काळी पट्टी,
इतकी बारीक की भुवयासुद्धा उघड्या.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
पौंडांत धरलं तर त्याच्या वकिलांचं बिल तेवढंच असेल.
मावशीने त्या पानावर बटाटे सोलले.
साली गोळा करताना म्हणाली,
हाच का तो? मला वाटलं कुणी मोठा माणूस असेल.

मंगळवारी, पावणेचारला, एक ओळ आली.
ते माझे डॅड आहेत. प्लीज, आता पुरे.
खाली पूर्ण नाव, आडनावासकट,
वहीच्या कव्हरवर घालायला शिकवतात तसं.
खरं असेल.
कुणी चावटपणाही केला असेल, असले लोक असतात.
आडनाव तेच होतं.

मी चहा आणला. तो प्यायले नाही.
नाव काढलं.
'माझे डॅड' काढलं, त्यावरूनही कळलं असतं.
मग पेनिंग्टनना फोन करून उठवलं, विचारलं,
'आता पुरे' एवढं तरी राहू दे का?
ते बराच वेळ गप्प होते.
मिसेस इलियट, म्हणाले,
लोक विचारतील, काय पुरे.

सहाला खाली उतरले. धुकं, बंद दुकानं,
ओल्या फुटपाथवर पेपर टाकणारा एक पोरगा,
पिशवी खांद्यावरून घसरलेली,
आणि त्याच्या पाठभर,
पांढऱ्या अक्षरांत, इस्त्रीने चिकटवलेलं,
ते.

खिशातल्या खिशात
माझं बोट हललं.