डब्ल्यू कुणाकडे आहे

खेळाला शंभर चौकोन लागतात.
जळगावच्या दुकानात पेटी होती काचेआड,
पण आमचा पगार वीस तारखेलाच संपायचा.
मग मी बुकिंग ऑफिसातली बाद झालेली
पुठ्ठ्याची तिकिटं पिशवीत घालून आणली
आणि लुकमान तडवीनं, मालगाडीच्या गार्डनं,
अडकित्त्यानं एकेक मधोमध तोडलं.
कोऱ्या अंगाला अक्षर, कोपऱ्यात गुण.
उलट्या अंगाला अर्धी स्टेशनं तशीच राहिली:
पाचो. अमळ. नांदु. चाळीस.

डिक्शनरी ड्रायव्हर परेराची, सामान विकून तो गेला तेव्हाची.
तिची पाठ उसवलेली,
लुकमाननं फाटक्या हिरव्या झेंडीनं शिवली.
तेव्हापासून ती उघडली की
गाडी सुटल्यासारखं वाटायचं.

क्यूच्या मागं यू असतोच,
इंजिनामागं डबा तसा, असं मला मास्तरांनी शिकवलेलं.
लुकमाननं क्यू ठेवला, शेजारी नुसता आय,
आणि हात झटकले.
ची. चिनी लोकांचा प्राण, आतला वारा. अकरा गुण.
बिनडब्याचं इंजिन कुठं चालतं का भो?
शंटिंगला तेच तर चालतं, तो म्हणाला.

भुसावळात मे महिना, कूलरमधलं पाणीसुद्धा तापलेलं,
आणि मला सापडला एप्रिसिटी:
हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब.
दोघं खूप वेळ हसलो.
ह्या शब्दाला आपल्याकडं
वर्षातून दीड महिन्याची ड्यूटी.

ग्रोक म्हणजे
कुणी जेवत असताना गप्प बघत बसणं,
बोलावतील म्हणून.
हा शब्द लुकमाननं लावला नाही, करून दाखवला,
माझ्या डब्यातल्या भरिताकडं बघत.
गुण मीच दिले, आणि अर्धी कळण्याची भाकर.
बॉर्बोरिग्मस राहिला तो राहिलाच:
पोटातली गुरगुर, अकरा अक्षरांची,
आणि हातात एका वेळी सातच.

भांडण एकदाच झालं.
त्यानं जोवार लावला, सरळ, बिनधास्त.
मी म्हटलं, ही आपली ज्वारी, ही इंग्रजी कधी झाली?
झेंडी उघडली. होती. पंधरा गुण.
पुढच्या डावात मी दादर लावली.
नव्हती.
चार पानं मागं पाहिली, चार पुढं.
जिच्या भाकरीला तव्यावर मोत्याचा रंग येतो,
जी ओलीवर येते, पाणी मागत नाही, ती नव्हती.
साहेबानं ज्वारी नेली आणि दादर इथंच विसरला, लुकमान म्हणाला,
बरं झालं,
एवढी तरी आपल्याकडं राहिली.
मी पाच चौकोन उचलले. दोन आठवडे बोललो नाही.
कशासाठी, ते आता सांगता येत नाही.

मग त्याची बदली इटारसीला.
डाव अर्धा होता.
पट तसाच ठेव, म्हणाला, परवा येतो.

ओव्हरमॉरो असा एक शब्द आहे त्या डिक्शनरीत,
उद्याच्या पलीकडचा दिवस.
पुढं बारीक अक्षरात: आता वापरात नाही.
त्यांची परवा हरवली.
आपली आहे, आणि ती दोन्हीकडं जाते,
एकाच फलाटावरून अप आणि डाउन.
परवा तो गेला.
परवा तो येतो म्हणाला.

पटावर ओव्हर आधीच पडलेला होता, त्याचाच.
मी पुढं एम ठेवला, ओ, आर, आर, ओ.
डब्ल्यू मिळेना.
दोन्ही. एक जोवारमध्ये अडकलेला,
दुसरा डब्यात नाही, सतरंजीखाली नाही,
मुलीच्या कंपासपेटीत नाही.
दुसऱ्याच्या मागं चाळीस छापलेलं होतं, मला पक्कं आठवतं,
कारण त्याचा जोडीदार, कोरा चौकोन,
अजून माझ्याकडं आहे.
उलटा केला की नुसतं
गाव.

जोवार मोडला असता तर शब्द पुरा झाला असता.
मोडला नाही.
गार्डच्या कोटाला खिसे फार असतात.