चाचणीचा रुपया

चार वाजून पाच मिनिटांनी फाइल आपोआप जाते.
मी बोट लावत नाही.
वर्धा रोडवरच्या या सहाव्या मजल्यावरून
एकशे बारा जणांचे पैसे निघतात,
लोखंडवाले, कोळसावाले, ट्रकवाले, विजेचं बिल,
आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात
साधा तरंगसुद्धा उठत नाही.

पूर्वी चेकबुकं होती, उमाठे मॅडम सांगतात,
दोन सह्या, एक शिक्का,
आणि सायकलवर शिपाई, किंग्जवेपर्यंत.
आता त्यांची सही एका डोंगलमध्ये राहते,
डोंगल पर्समध्ये, बडीशेपेच्या डबीशेजारी.
मी भरणारी, त्या तपासणाऱ्या.
एकाच हाताने दोन्ही करू नये, असा नियम आहे.
चांगला नियम आहे.
घरीही असता तर बरं झालं असतं.

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
त्या दिवशी अकरा कोटी चाळीस लाख गेले,
कुणी विचारलं नाही पोचले का.
परत आले ते चार हजार तीनशे चाळीस.
लाल ओळ: लाभार्थीचे खाते आढळले नाही.
लाभार्थी: गायधने कूलर सर्व्हिस, मानेवाडा.

गायधने म्हणजे बुटीबोरीच्या कारखान्यातले अठरा कूलर,
वाळ्याच्या ताट्या, जळके पंप,
नळीतलं शेवाळ तोंडाने ओढून थुंकणारा माणूस.
गेल्या उन्हाळ्यात हेच खातं चाललं होतं.
मधल्या हिवाळ्यात त्याची बँकच दुसऱ्या बँकेत गेली,
पाटी बदलली, कोड बदलला,
कूलरसारखं यंत्रालाही
हिवाळ्यात कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

फोन केला तर पासबुकाचा फोटो आला,
शेवटच्या आकड्यावर त्याचा अंगठा.
दुसरा मागवला. त्यात अंगठा नव्हता, ऊन होतं.
तिसऱ्यात जमलं.

खातं खरं की खोटं बघायला
यंत्र आधी एक रुपया पाठवतं.
रुपया पोचला की तिकडून नाव येतं,
आपल्याकडच्या नावाशी ताडून बघायला.
आमच्याकडे देवराव, तिकडे देवाजी.
जुळणी ब्याऐंशी टक्के. लागतात नव्वद.
पैसे थांबले.

पाच मिनिटांत त्याचाच फोन:
"एक रुपया आला जी.
बाकीचे काहून नाही आले?"
मी समजावलं, हा तपासणीचा रुपया,
नाव जुळतं का, ते पाहायचं असतं.
मागे कुठेतरी पंप चालू होता.
"म्हंजे मी मीच हाय का, हे पाह्यलं तुम्ही?"
हो, म्हटलं.
"मंग? हाय का?"

मला काही सुचेना.
मी स्क्रीनकडे बघत राहिले,
ब्याऐंशी टक्के गायधनेकडे.

मॅडमनी न बोलता पर्स उघडली.
आधार कार्ड पाहिलं, बिल पाहिलं,
शेऱ्याच्या चौकोनात लिहिलं:
पुरवठादारास मी चेहऱ्याने ओळखते.
बडीशेप तोंडात टाकली आणि मंजुरी दिली.
उरलेले अठरा टक्के त्यांच्या सहीवर गेले.
मी त्याला व्यवहाराचा क्रमांक सांगितला,
तो एकेक आकडा परत म्हणत गेला,
बहुतेक ताटीच्या लाकडी चौकटीवर लिहीत असावा.

सोमवारी तो सहाव्या मजल्यावर आला.
लिफ्टने नाही, जिन्याने,
घाम पुसत माझ्या टेबलावर नाणं ठेवलं.
"हा तुमचा. बिलात नव्हता."

अहो राहू द्या, म्हणेपर्यंत तो वळला होता.

नाणं जमा करायला आमच्याकडे कोड नाही.
पुस्तकात तो रुपया त्याच दिवशी खर्ची पडला,
पडताळणी शुल्क म्हणून.
ऑडिटवाल्या मुलाला मी दाखवला, तो हसला,
म्हणाला, मॅडम, हा तुमच्या ताळेबंदात कुठेच नाही.

चार वाजून पाच. फाइल गेली.
स्टेपलच्या पिना काढायला खण ओढते
तेव्हा तो मागे घरंगळतो.
आमच्या खात्यात
पैशांचा होतो तो एवढाच आवाज.