दम धरा

आठवडाभर मी माणसांचे आतले फोटो काढते.
कळव्याला, इस्पितळाच्या तळमजल्यावर,
दार जड, खोली गार.
हनुवटी वर. खांदे पुढे. छाती पाटीला टेकवा.
श्वास रोखा म्हटलं की काहींना कळत नाही,
मग म्हणते, दम धरा.
हं. सोडा.
बाहेर बाकावर सगळे याला फोटोच म्हणतात,
‘‘ताई, चांगला आला का फोटो?’’
हलला नाहीत, म्हणजे चांगला आला.
पुढचं डॉक्टर सांगतील.

रविवारी येऊर.
कॅमेरा चुलतभावाचा, जुना,
भिंगाच्या कडेला बुरशीचा एक ठिपका,
तो माझ्या प्रत्येक आभाळात येतो.
आता मी त्याला घार समजते.

फाल्गुन सरताना काटेसावरीला पान नसतं,
झाडाची हाडं न् हाडं दिसतात.
कामाची सवय, दुसरं काय,
मला आधी फांद्यांचे सांधे दिसतात
आणि मग लाल.
कुसुंब तर आठवड्यात आपादमस्तक तांबूस,
हात लावून ताप बघावा असा.

वरच्या ओढ्यावर धबधबा आहे.
म्हणजे असतो.
आत्ता कातळावर नुसता काळा ओघळ,
खाली डबक्यात चार पानं आणि कुणाची तरी चप्पल.
त्याचे चाळीसेक फोटो आहेत माझ्याकडे.
सुनेत्रा म्हणाली, यात धबधबा कुठंय?
म्हटलं, हाड जागेवर आहे,
मांस चढेल जुलैत.

पण वाहतं पाणी टिपायची हौस काही जुलैपर्यंत थांबत नाही.
म्हणून घोडबंदर रस्त्यालगतच्या त्या उद्यानात जाते,
तिकीट काढून, एकटी,
जिथं डायनासोरचा एक डोळा नव्यानं रंगवलाय
आणि दुसरा राहूनच गेलाय,
जिथं पाळणा वर गेला की बायका देवाचं नाव घेतात
आणि खाली आला की हसतात.
मागच्या बाजूला सिमेंटचा डोंगर.
साडेचारला काथोड भोईर चावी फिरवतो.
डोंगर आधी खोकतो,
मग गंजाचं पाणी,
मग पांढरं.

तिपाईला परवानगी नाही.
कॅमेरा कठड्यावर ठेवला, दोन सेकंदांचा वेळ लावला.
फोटोत सगळंच हललेलं.
पुन्हा. पुन्हा हललेलं.
मोटरीनं कठडा थरथरत होता,
आणि मोटर थांबवली तर पाणी थांबणार.

काथोड बघत होता बराच वेळ.
मग विडी कानावर ठेवून म्हणाला,
‘‘मोटर बंद करतो. वरचे टाकीन उरलाय
तवरा पानी परंल. धा मोजंपरत.
तवऱ्यात घे.’’
गुरगुर थांबली.
पाळण्याचा आवाज एकदम जवळ आला.
आणि पाणी, मागून कुणी ढकलत नसताना,
आपल्या वजनानं पडत राहिलं.
‘‘दम धर!’’ तो ओरडला.

मी धरला.

सात. आठ.
नवाला धार मधोमध तुटली.

कॅमेरा खाली घेतला तर तो हसत होता,
‘‘तूच ना गो ती? माजे छातीचा फोटू कारलेला.’’
मला चेहरा आठवेना.
मला चेहरे आठवतच नाहीत,
त्या खोलीत सगळे पाठमोरे असतात.
बरगड्या दाखवल्या असत्यास
तर कदाचित ओळखलं असतं, काथोड.

पुढच्या रविवारी छापून नेला.
त्यानं हात पँटला पुसले,
कागद उन्हाकडे धरला,
इस्पितळातून बाहेर पडताना सगळे धरतात तसा.
कागदातून काय दिसणार,
तरी बराच वेळ धरून राहिला.
‘‘पानी नाय वाटत. धूर वाटतो.’’
मग, जरा हळू,
‘‘चांगला आलाय ना?’’

तोंडावर आलं होतं, डॉक्टर सांगतील.
हो म्हटलं. चांगला आलाय.
कोपऱ्यात माझी घार पण होती,
ती त्याला दाखवणार होते,
पण पलीकडे पोरं ओरडायला लागली,
पाणी, पाणी,
साडेचार वाजून गेले होते,
आणि तो फोटो शर्टाच्या आत, छातीशी सरकवून
चावीकडे गेला.